डेकसर

ड्रॅगनच्या शेजारी गाढव बसलेलं डेकसरांना चालत नाही. एकाच पाकिटातून दोघं निघाले तरी चालत नाही. चौथीतलं एखादं पोरगं दहा रुपयांचं पाकीट फोडतं, आतले सोनेरी पत्ते काउंटरवर मांडतं, आणि सर चष्मा कपाळावर चढवून एकेक पत्ता बाजूला सारायला लागतात. "ह्यो आगीचा. ह्यो बी आगीचा. ह्यो पाण्याचा. ह्येला इथं काय काम? आगीच्या घरी पाण्याला कुणी बोलावलं?" पोराला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की आपल्या दहा रुपयांतले साडेसहा रुपये सरांनी नापास केले.

नांदूरघाट हे केज तालुक्यातलं मोठं गाव. तिथं स्टँडजवळ सरांचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पीक विमा, ऑनलाइन फॉर्म असं सगळं आहे. पत्त्यांचा उल्लेख नाही. पत्त्यांची पाकिटं आत, पेनांच्या डब्याच्या वर, माळेसारखी लटकलेली असतात. 'सर' म्हणायचं कारण असं, की त्यांचं बी.एड. झालेलं आहे. शिक्षकभरती निघाली की पवित्र पोर्टलवर ते आधी स्वतःचा अर्ज भरतात आणि मग गावातल्या बाकीच्यांचे. नोकरी अजून लागलेली नाही. पण आमच्याकडं बी.एड. झालेल्याला सर म्हणायला शासनाची मंजुरी लागत नाही. 'डेक' हे पुढचं पद पोरांनी चिकटवलं आणि ते मात्र कायम झालं.

सर पत्ते विकतात, लावतात, तपासतात, त्यांच्यावर बोलतात. खेळायला बसले की हरतात. हरण्याचं त्यांना दुःख नसतं. आपल्या हातातल्या वीसच्या वीस पत्त्यांचं एकमेकांशी नातं होतं, याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन ते उठतात. जिंकणाऱ्याकडं बघून म्हणतात, "जिंकलास, पण काय ते पत्ते! निस्ती भेळ." जिंकलेल्या पोराचा आनंद घालवण्याची ही हातोटी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

आपल्या नेहमीच्या बावन्न पत्त्यांवर तर त्यांचा जुनाच राग आहे. उन्हाळ्यात लिंबाखाली मेंढीकोटाचा डाव रंगात आला, की सर खेळणाऱ्यांच्या पाठीशी जाऊन उभे राहायचे. "बदाम, चौकट, इस्पिक, किलवर. चार नावं झाली. गोष्ट कुठंय? बदामच्या राजाकडं बगा. स्वतःच्याच डोक्यात तलवार खुपसून घ्यायलाय. आन् चार राजांत ह्या एकट्यालाच मिशी न्हाई. कामून न्हाई?" डावावरच्या एकानं शेवटी त्यांना हात जोडले. "सर, त्याची मिशी कुणी काढली ते आपण सावकाश शोधू. आदी हुकूम काय हाय ते कळू द्या." त्या दिवसापासून लिंबाखाली सरांना बंदी आहे. बदामच्या राजाला खरोखरच मिशी नाही, हे मात्र मी घरी जाऊन गुपचूप बघून घेतलं.

या खोडीचं मूळ नव्वदच्या दशकातल्या कुस्तीच्या ट्रम्प कार्डांत आहे. उंची, वजन, छाती, दंड, रँक असे आकडे छापलेले ते पत्ते ज्यांनी हाताळले, त्यांना योकोझुना हातात असताना वजन पुकारायचं, एवढी अक्कल आपोआप यायची. सर तेव्हा लहान होते आणि त्यांना ही अक्कल आली नाही. त्यांनी पत्त्यांची वेगळीच वाटणी केली होती. तोंडाला रंग फासलेले एकीकडं, मुखवटेवाले एकीकडं, लांब केसांचे तिसरीकडं. अंडरटेकर आणि योकोझुना एका हातात आले की ते एकाला परत द्यायला निघायचे. "एक मढ्याचा, एक जेवणाचा. एका घरी राहतील का?" योकोझुना परत देणारं पोरगं म्हणून गल्लीत त्यांना चांगलीच मागणी होती.

तिकडं अमेरिकेत १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसानं 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा खेळ काढला आणि सरांसारख्यांची सोय झाली. तोवर पत्त्यांचा कॅट सगळ्यांना एकच असायचा. इथून पुढं पाकिटं फोडायची, साठवायची, अदलाबदल करायची आणि ढिगातून निवडून आपला कॅट आपणच रचायचा. त्यालाच डेक म्हणतात. मॅजिकमध्ये तो किमान साठ पत्त्यांचा, जपानमधून १९९६ मध्ये आलेल्या पोकेमॉनमध्ये बरोबर साठांचा, यु-गि-ओमध्ये चाळीस ते साठांचा. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर पोकेमॉनचा फोनवरचा खेळ आला, त्यात विसांचा. आमच्या गावात बहुतेक पोरं हा फोनवरचाच खेळतात. दुकानातले सोनेरी पत्ते नकली असतात, आणि ते नकली आहेत हे सांगून विकणारा दुकानदार पंचक्रोशीत हा एकच. "ह्या पिकाचूवर तीनशेचा जीव छापलाय. १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचात त्याला चाळीस होता. चारिझार्डला एकशेवीस. उंदराला ड्रॅगनच्या अडीचपट जीव? घ्यायचा आसंल तर घे, पण समजून घे." पोरगं समजून घेत नाही, पण पत्ता घेतं. त्याला तीनशेच हवे असतात.

सरांची मतं नांदूरघाटापुरती नाहीत. जगाच्या पाठीवर कुठं पत्त्यांचा नवा संच निघाला, की दोन दिवसांत त्यावरचा निकाल झेरॉक्सच्या काउंटरवर लागतो. २०२४ साली मॅजिकच्या कंपनीनं एका संचात सगळ्यांना गुप्तहेर करून टाकलं आणि पुढच्या एका संचात सगळ्यांना काउबॉय. जुने खेळाडू जगभर खवळले, की ही थीम नव्हे, हा टोप्यांचा बाजार आहे. सरांनी त्यांना बिनशर्त पाठिंबा दिला. "जादूगाराच्या डोक्यावर काउबॉयची टोपी घातली म्हणून त्यो गुराखी होतो का? आपल्याकडं पुढारी दर विलेक्शनला टोपी बदलतो, त्यानं काय त्याचा स्वभाव बदलला?" सातबाऱ्याची प्रत काढायला आलेला एक माजी सरपंच हे ऐकून प्रत न घेताच गेला. पुढच्या वर्षी त्याच खेळात स्पायडरमॅन आला तेव्हा सरांनी एक दिवस दुकान उशिरा उघडलं. सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी सरांचं पोट बिघडलं होतं, पण त्याला निषेध म्हणा, असं सरांनी सांगितलं.

त्याच खेळात २०१६ साली भारतासारखा दिसणारा एक देश आला होता. रंगीत वस्त्रं, पितळी यंत्रं, संशोधकांचा मेळा. पुढं त्याचं नाव बदलून 'अविष्कार' केलं. सरांना तो देखणा वाटतो, पण विश्वासार्ह वाटत नाही. "आख्खा देश दाखवला, एक टँकर न्हाई दिसला."

२०२३ मध्ये त्या खेळाच्या एका संचात 'द वन रिंग' नावाचा एकच एक क्रमांकित पत्ता काढला होता. तो सापडला आणि एका नामांकित गायकानं वीस लाख डॉलरच्या घरात विकत घेतला. सरांनी ही बातमी पारावर सांगितली, तेव्हा एका आबांनी विचारलं, "मंग त्यो डाव जिंकला का?" सर म्हणाले, "आबा, त्यो खेळायचा नसतोय, ठिवायचा असतोय." आबा म्हणाले, "मंग पत्ता कामून म्हणायचं, पावती म्हणा." सरांकडं यावर उत्तर नव्हतं. असं फार क्वचित घडतं.

सरांचा एक प्रतिस्पर्धी आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला असतो, सणासुदीला गावी येतो आणि आल्या आल्या फोनवर गावातल्या सगळ्यांना हरवतो. त्याचा शब्द 'मेटा'. सध्या जगभर ज्या डेकनं जास्त डाव जिंकले जातात तो उतरवून घ्यायचा आणि तसाच खेळायचा. चित्र काय, गोष्ट काय, कुणाचं कुणाशी नातं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोघांची जुगलबंदी दिवाळीत ऐकावी.

"सर, डेक जिंकायला असतो का फोटो काढायला?"

"तुझ्या डेकमदी एक भूत हाय, एक मासा हाय आन् एक इलेक्ट्रिक पोल हाय. हे तिघं कुठं भेटले?"

"माझ्या हातात भेटले आन् तुम्हाला हरवलं."

"हरवलं मान्य. पण लग्नाच्या पंगतीत भेटल्यावानी भेटले. वळख ना पाळख."

गंमत म्हणजे या भांडणाची वर्गवारी मॅजिकच्या कंपनीनं कधीच करून ठेवली आहे. मार्क रोझवॉटर या त्यांच्या डिझायनरनं २००२ मध्ये खेळाडूंच्या तीन जाती सांगितल्या आणि त्यांना माणसांसारखी नावं दिली. अवाढव्य राक्षस आणून धुरळा उडवायची हौस असलेला टिमी. कुणाला सुचलं नाही असं जुळवून दाखवणारा जॉनी. आणि फक्त जिंकणारा स्पाइक. पुढं यात दोघांची भर पडली: पत्त्यांच्या अंतर्गत रचनेवर खूश होणारी मेल आणि चित्र, नाव, कथा यांच्यासाठी जीव टाकणारा वोर्थोस. आमच्या गावात पाचही आहेत. चारिझार्डसाठी रडणारी पोरं सगळी टिमी. इंजिनिअर शंभर टक्के स्पाइक. सरांना तो म्हणाला, "तुम्ही वोर्थोस आहात," तेव्हा त्यांनी आधी ही शिवी आहे की पदवी, ते विचारून घेतलं. पदवी आहे म्हटल्यावर, बी.एड.च्या पुढं लावता येईल का, असंही विचारलं.

मध्यंतरी कुणीतरी फोन केला, की स्टँडजवळ लहान पोरांना बसवून डाव चालतोय. एक जमादार आले. काउंटरमागं सहा पोरं, मध्ये सोनेरी पत्त्यांचा ढीग, आणि सर म्हणतायत, "ह्यो टाकला की तू मेलास." प्रसंग बाका होता. जुगाराचा आपला कायदा १८८७ चा. त्यात पिकाचूबद्दल काही लिहिलेलं नाही.

"डाव कितीचा?" जमादारांनी विचारलं.

"साहेब, डाव न्हाई, आगीचा डेक लावून दावायलो."

"आग कुणाला लावायलास?"

पुढचा अर्धा तास सरांनी जमादारांना तत्त्व समजावून सांगितलं. आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी, पाणी आगीला भारी. जमादार सुरुवातीला उभे होते, मग स्टुलावर बसले, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी त्यांनी एक पत्ता उचलला आणि म्हणाले, "मंग ह्या सरड्याला आकाशात उडता येतंय, तर गवतवाल्यानं त्याला मारायचं कसं?" सरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हा प्रश्न गावातल्या एकानंही विचारला नव्हता. चार दिवसांनी जमादार आपल्या मुलाचे पत्ते पिशवीत घालून दुरुस्तीला घेऊन आले.

लग्नानंतर सर आणि वहिनी गोव्याला निघाले होते. वाटेत सावंतवाडीला उतरले, राजवाडा बघायला. तिथं दरबारात बसून कलाकार गंजिफा रंगवतात. मध्यंतरी ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी सत्तरच्या दशकात उरल्यासुरल्या चितारी कलाकारांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. वाटोळे, हातानं रंगवलेले, लाखेनं चकाकणारे पत्ते. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा, मिळून एकशेवीस पत्ते. तिघांनी खेळायचे, चाळीस-चाळीस वाटून. सर तिथं खाली बसले ते उठेचनात. वहिनींनी समुद्र पाहिला तो पुढं बसच्या खिडकीतून, संध्याकाळी, पंधरा मिनिटं. हा विषय घरात अजून मिटलेला नाही.

सरांना काय दिसलं तिथं? चित्रं तर सगळ्यांनाच दिसतात. सरांना नियम दिसला. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडं रामाचा राजा त्यानं सुरुवात करायची. रात्री बसलं तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडं त्यानं. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. आणि दहांपैकी पाच रंगांत दहापासून खाली किंमत उतरते, उरलेल्या पाचांत उलटी. एक्का वर आणि दश्शी तळाला. सर हे सांगताना उभे राहतात. "बगा काका. चित्र काडलं आन् खाली आकडा टाकला, असं न्हाई केलेलं. देव बदलला की डाव बदलतोय. दिवस मावळला की डाव बदलतोय. ह्येला म्हणायचं थीम!" मला हे पटतं. परदेशी कंपन्यांनी करोडो खर्चून जे साधायचा प्रयत्न केला, ते आपल्याकडच्या कुणा अनामिकानं राम आणि कृष्णाच्या दोन पत्त्यांत साधलेलं आहे.

तेव्हापासून सर गंजिफांच्या मागं लागले. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. ऐन-ए-अकबरीत अबुल फजलनं बारा रंगांचा, एकशे चव्वेचाळीस पत्त्यांचा संच वर्णिला आहे: घोड्यांचा अश्वपती, हत्तींचा गजपती, किल्ल्यांचा गढपती, खजिन्याचा धनपती, असं करत करत सापांच्या अहिपतीपर्यंत. अकबरानं त्यात स्वतःचे बदलही केले. यावर सरांचा निकाल असा: "बाबर निस्ता गिऱ्हाईक. अकबर खरा फॅन. फॅन गप बसत न्हाई, बदल सुचवतोच." नवग्रहांचा एकशे आठ पत्त्यांचा संच असतो, राशींचा एकशे चव्वेचाळीसचा असतो, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी गावातल्या जोशीबुवांना शनीच्या रंगात एक्का मोठा असावा की दश्शी, असा प्रश्न विचारला. बुवांनी साडेसाती आहे का, ते आधी विचारलं.

नवव्या अवताराच्या जागी कोण, यावर तर आठवडाभर चर्चा झाली. कुठं बुद्ध असतो. ओडिशाच्या गंजिफांत जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांत विठोबा उभा असलेला सापडतो. सर म्हणाले, प्रादेशिक आवृत्ती निघते तसंच हे आहे. पारावरची एक माळकरी आजी म्हणाली, "विठोबा आसंल तर त्यो पत्ता कुणी मारायचा न्हाई." असा अमर पत्ता खेळाचा तोल बिघडवतो, हे सरांनी तिला समजावण्याचा प्रयत्न केला. आजी म्हणाली, "तोल बिघडला तर तुमचा बिघडंल. त्याचा न्हाई बिघडत."

अशा सगळ्या अभ्यासातून जे व्हायचं तेच झालं. सरांनी स्वतःचा संच काढला. नाव 'बालाघाट: संच पहिला'. लग्नपत्रिकेचा उरलेला जाड कागद, त्यावर कलर प्रिंट, वर लॅमिनेशन. गंजिफेसारखे गोल हवेत म्हणून वहिनींची बांगडी ठेवून कापलेले. कागद पत्रिकेचा असल्यामुळं काही पत्ते उजेडात धरले की आरपार गणपती दिसायचा आणि समोरच्याला कळायचं, की याच्याकडं ऊस आहे.

रंग पाच: ऊस, कापूस, सोयाबीन, सीताफळ आणि टँकर. सीताफळ धारूरच्या डोंगरातलं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून त्याला मान मोठा. सोयाबीनची ताकद पेरणीपासून वाढत जाते आणि काढणीच्या फेरीला निम्मी होते. टँकर हातात येईपर्यंत दुसरा कुठलाच पत्ता टाकता येत नाही. पहिल्याच चाचणीत चार जण पाऊण तास टँकरची वाट बघत बसले. इंजिनिअर म्हणाला, "सर, हा गेम खेळताच येत नाही." सर म्हणाले, "मंग? मे महिन्यात येतंय का?"

एक पत्ता 'विड्याचा जावई'. केजपासून जवळच्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात आणि मग त्याला कपड्यांचा आहेर करतात, ही जुनी चाल. पत्ताही तसाच: टाकला की एक फेरी बाद, पण पुढच्या फेरीला दोन नवे पत्ते. गाढव आणि आहेर एका पत्त्यात बसवल्याचा सरांना अभिमान आहे, आणि मलाही हा त्यांचा सगळ्यात चांगला पत्ता वाटतो.

पण संचाचा कणा म्हणजे ऊसतोड. दसरा झाला की आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडं निघतात. त्याआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ती हंगामभर तोडीतून फेडायची. सरांनी ते जसंच्या तसं खेळात घेतलं. 'उचल' घेतली की सुरुवातीला पाच पत्ते जादा मिळतात आणि दर फेरीला एक परत करायचा. एखादी फेरी चुकली तर 'खाडा', दोन परत. 'मुकादम' सगळ्यात भारी पत्ता. चार खेळाडूंत दोन मुकादमाच्या बाजूनं, दोन कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्यांच्या, बाजूनं. दहा डाव खेळले, दहाही मुकादम जिंकला.

इंजिनिअरनं आकडेमोड करून सांगितलं, की उचल कमी करा किंवा मुकादमाची ताकद तरी उतरवा. जगातली कुठलीही कंपनी एवढा एकतर्फी पत्ता बाजारात ठेवत नाही, त्यावर बंदी घालते. सरांनी ठाम नकार दिला. "मुकादम कमजोर केला तर त्यो मुकादम राहील का? मंग त्याला मॅनेजर म्हणा." वाद इथं अडला आणि बरेच दिवस अडूनच राहिला. थीम खरी ठेवावी तर डाव बसत नाही, डाव बसवावा तर थीम खोटी पडते. मी स्वतः इंजिनिअरच्या बाजूचा होतो. खेळात तरी एखाद्या वेळी कोयता जिंकायला काय हरकत आहे?

कोंडी फोडली वहिनींनी. त्या दुकानात डबा घेऊन आल्या होत्या. 'कोयता' नावाचा पत्ता त्यांनी उचलला, उलटसुलट करून बघितला. चित्रात मुंडासं बांधलेला पिळदार गडी, हातात कोयता, मागं उसाचा फड. वहिनी म्हणाल्या, "ही कुठंय?"

"कोण?"

"ह्याची बायको. कोयता म्हंजे जोडी असती. एकट्याला अर्धा कोयता म्हणत्यात. माझ्या आईनं बारा हंगाम काढले, तिच्या डोक्यावरली मोळी कुणी काडायची चित्रात?"

दुकानात शांतता पसरली. दुसऱ्याच्या डेकमधला एक चुकार मासा दहा फुटांवरून ओळखणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या संचात निम्मा कोयता गहाळ होता. इंजिनिअरला हसू आवरेना. सरांनी जेवण तसंच ठेवलं आणि चाळीस पत्ते पुन्हा काढायला घेतले. चित्र तर बदललंच, पण थीमला धरून नियमही बदलला. कोयत्याच्या बाजूनं यापुढं एक हात दोघांनी मिळून खेळायचा. पत्ते बायकोनं धरायचे आणि नवऱ्यानं टाकायचे.

नव्या आवृत्तीची चाचणी पाडव्यानंतर झाली. हंगाम संपवून लोक परतले होते, दुकानासमोर गर्दी होती. मुकादमाच्या बाजूनं एकीकडं इंजिनिअर, दुसरीकडं दुरुस्त डेकवाले जमादार. कोयत्याच्या एका हाताला दहावीतली दोन पोरं. दुसऱ्या हाताला नुकतेच आलेले एक आबा आणि त्यांची म्हातारी. म्हातारीनं पत्ते पदराआड धरले. बघ्यांत गावातले एक खरेखुरे मुकादमही होते. पांढरे कपडे, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर हे आपल्याबद्दल चाललंय याचं जरासं कौतुक.

म्हातारीनं नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आबांनी इंजिनिअरकडून उचल घेतली. पाच पत्ते. मग जमादारांकडं वळून हात पुढं केला. जमादारांनीही पाच दिले. त्यांना वाटलं असाच नियम आहे. पंधरावीस पत्ते म्हातारीच्या पदराआड गेले. दुसऱ्या फेरीला आबांनी 'टायरगाडी' टाकली. हा पत्ता सरांनी कारखाना बदलण्यासाठी ठेवला होता.

"कुठं निघालाव?" सरांनी विचारलं.

"कर्नाटकात," म्हातारी म्हणाली. आबा पत्ते घेऊन उठून उभे राहिले.

सरांनी नियमांचा कागद काढला. फेड फक्त फडावर असलेल्या कोयत्याकडूनच घ्यायची, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं. खाडा लावायचा तर समोर माणूस हवा. माणूस कर्नाटकात. इंजिनिअरनं तीनदा कागद वाचला. जमादारांचा हात नकळत शिट्टीकडं गेला. डाव कोयत्यानं जिंकला होता आणि मुकादम पत्त्याची ताकद एका टिंबानंही कमी केलेली नव्हती. सर काउंटरवरून उडी मारून बाहेर आले. "थीमला धरून हाय! शंभर टक्के थीमला धरून हाय!"

"लूपहोल आहे हा," इंजिनिअर ओरडला. "टायरगाडी बॅन करा."

खऱ्या मुकादमांचा चहा निवला होता. ते पुढं आले आणि सरांना म्हणाले, "सर, ह्ये काय बरोबर न्हाई. एका कोयत्यानं एकाच मुकादमाची उचल घ्यायची, असा नियम घाला."

"हाय की नियम. सहावा. वाचून दावू?"

"मंग?"

"मोडलाय त्यांनी."

"मंग मोडल्यावर काय करायचं, त्ये लिवा. लोकांना नसत्या कल्पना यायल्यात."

गर्दीत हशा पिकला. आबा अजून कर्नाटकातच, म्हणजे ओट्याच्या पायरीपाशी, उभे होते. म्हातारीनं पदराआडून पत्ते काढले, नीट जुळवले आणि मुकादमांकडं बघून म्हणाली, "लिवू द्या की. पर आदी उचल वाढवा."

"किती?" मुकादम सवयीनं म्हणाले.